मुदतीबद्दल मी लिहिलं होतं

काळजी करायला मला कारण लागत नाही, नुसती तारीख पुरते. गोंदियाच्या स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी जाऊन बसणाऱ्यांतला मी. परीक्षेचा फॉर्म असो की विजेचं बिल, शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात माझं जेवणावरून लक्ष उडतं. कॉलेजातली पोरं पाठीमागे मला ‘लास्ट डेटवाले सर’ म्हणायची आणि मला ते माहीत होतं. माणसानं मुदत पाळावी, एवढंच माझं म्हणणं असायचं. त्यात चिडवण्यासारखं काय आहे, ते मला कधी कळलं नाही.

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि त्याच वर्षी मी इथल्या एका लॉ कॉलेजात शिकवायला लागलो. संविधान आणि प्रशासकीय कायदा हे माझे विषय. दुसऱ्याचं नाव ऐकून लोकांना जांभई येते. पण रेशनकार्ड का रद्द झालं, बदली का झाली, सरपंचाला का काढलं आणि काढण्याआधी त्याचं म्हणणं कोणी ऐकलं का, हे सगळं त्यात येतं. माझ्या वर्गात तहसीलमधले बाबू असत, राइस मिलचे मुनीम असत, एक-दोन पत्रकारही असत. त्यातल्याच एका पत्रकारानं मला त्याच्या दैनिकात दर मंगळवारी लिहायला बसवलं.

पुढं दहा-बारा वर्षं मी लिहीत राहिलो. अधिकाऱ्यानं आदेशात कारणं दिलीच पाहिजेत का, राज्यपालांनी किती दिवस गप्प बसावं, सभागृह टाळून सरकारनं अध्यादेशावर अध्यादेश किती काढावेत, माहितीच्या अधिकारात फाइलीवरचे शेरे मागता येतात का. दिल्लीत किंवा मुंबईत वाद पेटला की मंगळवारी गोंदियातून माझी काडी पडायची. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, “सर, आज का आपका पढ़ा,” की माझा दिवस चांगला जायचा. थोडा माज मलाही चढला होता, खोटं कशाला बोलू.

ज्या लेखाची ही गोष्ट आहे तो असाच एका मंगळवारचा. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्यानं सहा महिन्यांत जात पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर त्याचं पद जातं, असा नियम. वाद होता तो त्या सहा महिन्यांचा. ही मुदत पाळलीच पाहिजे अशी आहे, की शक्यतो पाळावी अशी? अर्ज वेळेत केला पण कागद उशिरा मिळाला, तर माणसाला घरी पाठवायचं का? वकिलांत दोन तट होते, न्यायालयांतूनही एकसारखं ऐकू येत नव्हतं. मी त्या दिवसांत खोट्या दाखल्यांवर फार चिडलेलो होतो. खरे हक्कदार बाहेर उभे आणि बनावट कागदवाला पाच वर्षं खुर्चीत, असं दोन-तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या रागात मी लिहून टाकलं: “सहा महिने हा काळ थोडा नाही. ज्याला स्वतःची जात सहा महिन्यांत सिद्ध करता येत नाही, त्यानं राखीव खुर्चीचा हट्ट का धरावा?”

लोकांना लेख आवडला. तिरोड्याहून एका निवृत्त तहसीलदारांचा फोन आला, वर्गात पोरांनी टेबल वाजवले. मी कात्रण कापलं, फाइलीत लावलं आणि पुढच्या मंगळवारच्या मागे लागलो.

एक गोष्ट मी लेखात लिहिली नव्हती, कारण ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. पडताळणीच्या त्या खिडकीसमोर मी स्वतः कधी उभा राहिलोच नव्हतो. माझी नोकरी खुल्या जागेवरची. तशी वडिलांची अटच होती.

माझे बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. दवनीवाड्याच्या पुढं आमचं गाव, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये वसलेलं. छप्पन साली बाबा एकवीसेक वर्षांचे होते. आजोबांसोबत ते नागपूरला गेले, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत उभे राहिले आणि बौद्ध होऊन घरी आले. येताना त्यांनी स्वतःची म्हणून आणखी एक प्रतिज्ञा मनाशी केली. आपल्या जुन्या जातीचं नाव आपण तोंडानं उच्चारायचं नाही आणि हातानं लिहायचं नाही. ती त्यांनी आयुष्यभर पाळली. आमच्या घरात तो शब्द नव्हता. आम्हा भावंडांच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात फक्त ‘बौद्ध’ आहे, बाबांच्या अक्षरात. तो शब्द मी इथंही लिहीत नाही. वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे.

लेख छापून आल्याला दोन वर्षं झाली असतील. गोरेगावकडच्या एका गावात दिलेली माझी धाकटी बहीण राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली आणि सरपंच झाली. ऑगस्ट महिना होता. ती आठवी शिकलेली, धानाच्या रोवणीला जाणारी, बोलायला फटकळ. “दादा, तुह्या कायद्यात आता मी पन आली,” असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दुकानात जाऊन पेढे आणले. मी मात्र फोन ठेवला आणि कॅलेंडरपाशी गेलो. ऑगस्टपासून सहा महिने म्हणजे फेब्रुवारी. तारखेला पेन्सिलनं गोल केला.

बाईची जात माहेरावरून धरतात. कागद लागणार होते ते सासरचे नव्हे, बाबांचे. तेही १९५० च्या आधीचे, म्हणजे त्या काळात घराण्याची जात कुठं तरी सरकारी वहीत लिहिलेली असली पाहिजे. मला त्यात अवघड काही दिसलं नाही. बाबा गावच्याच शाळेत शिकले होते. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांचं नाव असणार, समोर जात असणार. मी बहिणीला म्हणालो, जा, उतारा काढून आण, आठ दिवसांचं काम आहे. तिनं पडताळणीचा अर्ज तर लगेच भरून टाकला.

ती शाळेत गेली त्याच दुपारी कॉलेजात मला तिचा फोन आला. ती बस स्टँडवर होती आणि घरी यायचं म्हणत होती.

“वहिनीले सांगू नोको. बाबाले तं मुळीच नोको.”

ती आली, पाणी प्यायली, आणि पदराला हात पुसत बसून राहिली. मग म्हणाली, “रजिस्टर पाह्यलं मी. बाबाचं नाव हाये. पन जातीवर लाल शाईनं काट मारली हाये. वरतं बौद्ध लिवलं हाये. कोनाचं अक्षर हाये, सांगू?”

“नोको सांगू,” मी म्हणालो.

बाबा पुढं त्याच शाळेत हेडमास्तर झाले होते. रजिस्टरं त्यांच्याच कपाटात असत. कधी तरी एका दिवशी त्यांनी ती जुनी वही उघडली असेल, लहानपणी दुसऱ्याच्या हातानं आपल्यावर लिहिला गेलेला तो शब्द पाहिला असेल आणि लाल पेन घेतलं असेल. माणूस म्हणून मला ते पुरतं समजलं. कायद्याचा मास्तर म्हणून मला समजलं ते वेगळंच. सरकारी अभिलेखात खाडाखोड, तीही ज्याच्या ताब्यात वही होती त्याच्याच हातानं, तीही स्वतःच्याच नोंदीत. शिकवताना असल्या प्रश्नाला मी तीन मिनिटांत उत्तर देतो. त्या दिवशी मी आधी उठून दार लावून घेतलं.

“हेडमास्तरनं पाह्यलं काय?”

“तो जनगणनेच्या कागदात गुतला होता. मी मनलं, नाही भेटत नाव, आन वही परत ठेवून देली.”

“उतारा?”

“नाही काढला. कायले काढू? बाबाले पोलीस विचारन काय या वयात?”

मी तिला म्हणायला हवं होतं की असं लपवता येत नाही. प्रशासकीय कायद्याचा प्राध्यापक दुसरं काय म्हणणार? मी म्हणालो, “ठीक केलं.” आणि त्या शब्दासरशी मी स्वतःही त्या वहीतल्या खाडाखोडीत सामील झालो.

मग आम्ही दुसरा कागद शोधायला लागलो. आमच्या भागात जुन्या काळी गावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे. ती बुकं भंडाऱ्याला, कारण जिल्हा वेगळा निघाला तरी जुनी दप्तरं तिकडेच राहिली. मी अर्ज केला. ऑक्टोबरात धान कापणीला आला, बहीण सकाळी ग्रामपंचायतीत आणि दुपारी बांधीत, म्हणून भंडाऱ्याच्या खेपा माझ्याकडे आल्या. त्या दप्तरखान्यात बाबू लोक भले होते, पण आमच्या गावाच्या नावाची आणखी दोन गावं जुन्या यादीत होती आणि बाबांचा खरा जन्म कोणत्या साली झाला हे घरात कोणालाच नक्की माहीत नव्हतं. एकेक बुक उघडायचं, पानं ओली असल्यासारखी जपून उलटायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं. परतीच्या गाडीत मी बोटांवर दिवस मोजत यायचो. त्या वर्षी माझं वजन उतरलं. डॉक्टरांनी साखर तपासली, ती बरोबर होती.

डिसेंबरात नोंद सापडली. आजोबांचं नाव, “मुलगा झाला”, आणि पुढच्या रकान्यात तो शब्द. त्या पानाकडे पाहून मला एकाच वेळी सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. असा आनंद बाबांना कसा सांगायचा, या विचारात मी तुमसर रोडपर्यंत आलो.

पण सांगावं लागलंच, कारण नागपूरच्या जात पडताळणी समितीनं एक शपथपत्र मागितलं होतं. शाळेचा उतारा नसल्यामुळं वडिलांनी शपथेवर लिहून द्यायचं की अर्जदार माझी मुलगी, आमची मूळ जात अमुक, कोतवाल बुकातली नोंद माझीच. मागणी रास्त होती. त्यांच्या जागी मीही तेच मागितलं असतं. मी ते टाइप करून घेतलं आणि गावी गेलो.

बाबांनी चष्मा लावून कागद वाचला. त्या शब्दापाशी त्यांची नजर थांबली, ती पुढं सरकेना. मग त्यांनी कागद उलटा करून खाटेवर ठेवला.

“मी नाही करत सही.”

“बाबा, नुसती सही हाये. लिहिलं दुसऱ्यानंच.”

“खाली माही सही मनजे मीच लिवलं. मले शिकवू नोको.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “आपन बौद्ध हाओत, एवढ्यानं पुरत नाही काय या लोकायले?”

“कायद्यात रकाना हाये तो. रिकामा नाही ठेवता येत.”

“मंग तुह्या कायद्याले सांग, एका मास्तरनं रिकामा ठेवला मनून.”

मला राग आला. मोठ्यानं बोललो नाही, पण आला. पोरगी सरपंच झाली म्हणून पेढे वाटायचे आणि तिचा कागद अडवायचा, याला काय म्हणावं? दुसरीकडे मीच वर्गात सांगत आलो होतो की व्यक्तीची प्रतिष्ठा हा संविधानाचा गाभा आहे. ती प्रतिष्ठा आता धोतर नेसून समोरच्या खाटेवर बसली होती आणि माझी तारीख चुकवत होती. मी तीनदा गेलो. बहीण एकदाही गेली नाही. “मी नाही मनत त्याईले. त्याईच्या मनात येईन तवा येईन,” एवढंच ती म्हणायची. जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला तेव्हा मी आशा सोडून दिली होती, आणि आशा सोडल्यावरही काळजी काही सुटत नव्हती.

सव्वीस जानेवारीला बहिणीच्या गावी झेंडा तिच्या हातून लागणार होता. बाबांना मी मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. ग्रामपंचायतीपुढं चुन्याच्या रेघा मारलेल्या, शाळेची पोरं रांगेत. बहीण हिरवं काठाचं लुगडं नेसून आली. दोरी ओढताना गाठ अडकली, तेव्हा तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, दोन्ही हातांनी जोर लावला आणि झेंडा उलगडला. ज्या पाटलाच्या वाड्याबाहेर बसून आमच्या व्याह्यांची आई पाणी मागायची, त्याच घरातला म्हातारा टोपी काढून उभा होता. राष्ट्रगीत संपलं तरी बाबा सावधानमध्येच होते. मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी आवळलेल्या मुठी सोडल्या.

जेवताना ते म्हणाले, “आन तो कागद.”

मी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. दीड महिना तो माझ्या पिशवीतच होता.

“हा नाही. कोरा दे. लिवायचंच हाये तं मी लिवन.”

त्यांनी बहिणीच्या घरच्या खाटेवर पाट मांडून, शाळेच्या वळणदार अक्षरात, पूर्ण शपथपत्र हातानं लिहिलं. त्या शब्दापाशी आले तेव्हा पेन उचललं, टोपण लावलं, परत काढलं, आणि लिहिलं. एका दमात लिहिलं. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. दुसऱ्याच दिवशी मी त्यावर नोटरीचा शिक्का घेतला आणि नागपूरला जाऊन कागद जमा केला.

समितीनं काम पटकन केलं. पण पटकन म्हणजे तरी एक महिना लागतो. मुदत संपली, आणि नवव्या दिवशी प्रमाणपत्र आलं.

नऊ दिवस. मला तोवर वेड्यासारखं वाटत होतं की कोणाच्या लक्षात येणार नाही. गावात हरलेल्या उमेदवाराच्या लक्षात आलं. त्यानं जिल्हा कचेरीत अर्ज लावला की सहा महिने उलटले, सरपंचाचं पद गेलं असं जाहीर करा. त्याचा वकील माझाच विद्यार्थी, हुशार, पहिल्या बाकावरचा. अर्जाला त्यानं नियम जोडला, निवडणुकीचा निकाल जोडला, प्रमाणपत्राची तारीख जोडली, आणि शेवटी माझ्या लेखाचं कात्रण जोडलं.

तो मला कचेरीच्या जिन्यात भेटला आणि पाया पडला. “सर, बुरा मत मानना. पक्षकार बोला कटिंग लगाओ. आपने ही सिखाया था ना, जो कागज काम का है वो छोड़ना नहीं.”

“बरोबर शिकवलं,” मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी दुसरा लेख लिहिला. अर्ज वेळेत असेल, माणूस खरा असेल, उशिराला पटण्यासारखं कारण असेल, तर सहा महिन्यांची भिंत करू नये. नियम बोगस लोकांना अडवायला आहे, खऱ्यांना हाकलायला नाही. चांगला उतरला होता लेख. पहिल्यापेक्षा चांगला. लिहून झाल्यावर मी तो चार वेळा वाचला आणि मला माझाच भरवसा वाटेना. माझं मत बदललं होतं, की माझी बहीण आडवी आली होती? दोन वर्षांत एकाही परक्या सरपंचासाठी मला हे सुचलं नव्हतं. मी लेख पाठवला नाही. त्या मंगळवारी राज्यपालांवर काही तरी खरडून दिलं.

बहिणीला मी म्हणालो, सुनावणीत एकच प्रश्न महत्त्वाचा असेल, उशीर का झाला. पटणारं कारण दे. बाबांच्या प्रतिज्ञेबद्दल सांग. सुनावणी घेणारा साहेब माणूस चांगला आहे, ऐकेल.

“आन मंग तो विचारन, शाळेचा उतारा काऊन नाही लावला? तवा काय सांगू?”

मी फाइलीची दोरी बांधायला लागलो.

“रजिस्टरचं नाव तुह्या तोंडून निघालं ना दादा, तं माहेर तुटलं समज.”

सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. साहेबांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या. माझ्या विद्यार्थ्यानं माझं वाक्य वाचून दाखवलं, माझ्याच लयीत, ‘हट्ट’ या शब्दावर मी वर्गात देतो तसा जोर देऊन. मग साहेब बहिणीकडे वळले. “बाई, नऊ दिवस उशीर आहे. कारण काय झालं? काही असेल तर सांगा, मी नोंदवून घेतो.”

त्यांनी पेन हातात धरून वाट पाहिली. मी आयुष्यभर ज्याच्यावर बोललो ते सगळं त्या घडीला त्या खोलीत होतं. नोटीस होती, म्हणणं ऐकायची तयारी होती, कारण लिहून घ्यायला पेन होतं. बहिणीनं मागं वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. मला उठून उभं राहावंसं वाटलं, गुडघे तसे हललेही, पण मी बसून राहिलो.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “माह्याच हातून झाला उशीर.”

आठ दिवसांनी आदेश आला. अडीच पानांचा, व्यवस्थित टाइप केलेला. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की आधी निकाल पाहू नका, कारणं पाहा. कारणं नसतील तर आदेश टिकत नाही. मी कारणं पाहिली. मुदत पुरेशी होती, विलंबाचं कोणतंही कारण दिलं गेलं नाही, राखीव जागेचं पावित्र्य राखण्यासाठी मुदत काटेकोर पाळली जाणं आवश्यक आहे. एकेक ओळ ओळखीची होती. आदेशाला कारणं होती आणि ती माझीच होती.

नागपूरला उच्च न्यायालयात जाता येईल, मी बहिणीला म्हणालो. वाद अजून मिटलेला नाही, दोन्ही बाजूंची मतं आहेत, लढण्यासारखं आहे. तिनं ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली सचिवाला देऊन टाकली होती. “तिथं पन तेच विचारतीन,” ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या भाजीला लागली.

त्या रविवारी आम्ही दोघं बाबांकडे गेलो. त्यांना निकाल कळला होता. खाटेवर प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, घडी घालून.

“मी लिवून देलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“देलं होतं बाबा. पन उशीर झाला,” बहीण म्हणाली.

“शाळेचा उतारा तं पयल्याच हप्त्यात भेटला असता. तो काऊन नाही लावला?”

बहीण म्हणाली, “नाव नाही सापडलं बाबा.”

“सापडलं,” बाबा म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लाल शाई होती. मीच आनली होती गोंदियाहून.”

अंगणात कोणाच्या तरी कोंबड्या शिरल्या होत्या, बहीण त्यांना हाकलायला म्हणून उठली आणि परत आत आलीच नाही. बाबांनी मला विचारलं, “तुहा लेख लावला होता मनते कोर्टात. लोक बोलत होते. हाये का जवळ?”

कात्रण माझ्या पिशवीत होतं. आदेशासोबत सगळे कागद होते.

“वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचायला लागलो. बाबा डोळे मिटून ऐकत होते, विद्यार्थ्याचा धडा ऐकावा तसे, मधूनमधून मान हलवत. सहा महिने हा काळ थोडा नाही, इथं आलो तेव्हा माझा आवाज बारीक झाला. पुढचं वाक्य मी भरभर वाचून टाकलं.

“तेवढं पुन्हा वाच,” बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. ज्याला स्वतःची जात सहा महिन्यांत सिद्ध करता येत नाही, त्यानं राखीव खुर्चीचा हट्ट का धरावा?

बाबा रागावले नव्हते; रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. उजव्या हाताची बोटं त्यांनी गुडघ्यावर पसरली आणि त्यांच्याकडे पाहत राहिले.

“बरोबर लिवलं,” ते म्हणाले. “भाषा पन साफ हाये. फक्त एक सांग. हे लिवून रायला होता तवा, तुले मी नाही दिसलो?”

“नाही बाबा,” मी म्हणालो. आणि ते खरं होतं.